जुनं मशीन पळालं

"बघ, बघ! तुझ्या त्या डब्याला जमंल का हे?"

मल्लिनाथअण्णांनी मोबाइल सौदामिनीच्या नाकासमोर धरला. टिचकी मारली की सोयाबीनच्या भावांचं पान झटक्यात उघडत होतं. पुन्हा मारली, पुन्हा उघडलं. अण्णा भलतेच खूश होते. दुपारचे चार वाजले होते आणि सकाळपासून हा खेळ त्यांनी निदान पंधरा वेळा केला होता.

अण्णा लातूरच्या एका छोट्या दैनिकाचे मालक. पेपरची साइट मात्र नांदेडच्या जुन्या ऑफिसातल्या एका मशीनवर चालायची. चौदा वर्षांपूर्वी पीएचपी नावाच्या संगणकभाषेत बांधलेली. बांधणारा कधीच परदेशी गेला. साइटला जुनंच पीएचपी लागे, जुन्याच सेटिंगा लागत, आणि त्या कुणी लिहून ठेवल्या असतील तर शपथ! दुसऱ्या मशीनवर ठेवली की नुसतं पांढरं पान. "पायगुणाचं मशीन हाय ते," अण्णा म्हणत, "त्याला कुणी हात लावायचा न्हाई." हे पायगुणाचं मशीन आठवड्यातून दोनदा मान टाकायचं.

सौदामिनीला सहा महिन्यांपूर्वी घेतलं ते याच दुखण्यासाठी. तिने साइट, तिचं जुनं पीएचपी, बारीकसारीक सेटिंगा, सगळं एका इमेजमध्ये, म्हणजे एकाच गाठोड्यात बांधलं. माहूरला निघालेली माणसं स्टोव्हपासून मिठापर्यंत सगळं टेम्पोत घालून नेतात, तिथं कुणाकडे काही मागावं लागत नाही, तसंच. ही इमेज कुठल्याही मशीनवर न्या, साइट चालणार. चालू केलेल्या या बिऱ्हाडाला कंटेनर म्हणतात. अण्णांनी त्याचं नाव ठेवलं, डबा.

पहिल्याच चाचणीला डब्याने तिचं नाक कापलं. सगळ्या स्टाफसमोर साइट उघडली, बातम्या आल्या, फोटो एकही नाही. फोटोंचं फोल्डर इमेजच्या बाहेरच राहिलं होतं. "वऱ्हाड पोचलं आन् नवरदेव घरीच!" अण्णा म्हणाले, आणि ऑफिस आठवडाभर हसलं. सौदामिनी बाथरूममध्ये जाऊन रडली. मग तोंड धुतलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. एकदा नाही, एकोणतीस वेळा.

काल संध्याकाळी तिने डबा लातूरच्या नव्या मशीनवर चढवला. बातम्या आणि भाव दोन्हीकडे सारखेच पोचतील अशी सोय केली. अण्णांची अट एकच होती. जुनं मशीन पुढं, डबा मागं. जुन्याने उत्तर दिलं नाही तरच डब्याने काम उचलायचं, वाचकांना काही कळायचं नाही. आज पाच वाजता निकाल. अण्णांची खात्री पटली तर सौदामिनी नोकरीत कायम. नाही तर साइट पुण्याच्या एका कंपनीला आणि ती घरी.

आता खात्री पटणार कशी? आजच नेमकं ते जुनं मशीन अंगात आल्यासारखं पळत होतं! बाजारात सोयाबीनची आवक वाढलेली, भाव बघायला रोजच्या तिप्पट लोक, आणि साइट एकदाही अडकली नाही. सौदामिनीला डोकावून बघायचं होतं, पण अण्णांनी तिला सकाळपासून कॉम्प्युटरपासून लांब बसवलं होतं. "मधीच कायतरी चावटपणा करशील," म्हणाले. ती नुसती हात चोळत बसली. तिला भयंकर राग आला होता, अण्णांचा आणि त्या मशीनचासुद्धा.

पाच वाजले. सगळे जमले. अण्णांनी घसा खाकरला तेवढ्यात सौदामिनी उठली.

"अण्णा, निकाल द्यायच्या आधी एक करा. जुनं मशीन बंद करा. आत्ता, सगळ्यांसमोर."

"येडी का खुळी तू? तिप्पट लोक हायेत साइटवर!"

"म्हणूनच म्हणते. साइट पडली तर राजीनामा मीच लिहून देते. तुमच्यावर मला काढायची वेळ येणार नाही."

तिची मान ताठ होती. पोरगी मागे हटेना. शेवटी त्यांनी नांदेडला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. तिकडं शेषेराव, वीस वर्षांपासूनचे शिपाई.

"शेषेराव, मशीनचं बटन बंद करा."

पलीकडून नुसती चुळबुळ ऐकू आली.

"आवं ऐकून राहिले न्हवं? बंद करा म्हणलं!"

"मालक, पाया पडतो तुमच्या, कामावरून काढू नका," शेषेराव रडवेल्या आवाजात म्हणाले. "आज खंडेनवमी न्हाई का. मशीनची पूजा केली, हळदकुंकू लावलं, न् त्याच्या डोस्क्यावरच नारळ फोडला. समदं पानी आत गेलं, मालक. भस्सकन धूर निघाला न् गपगार पडलं. तवापून नुसता भिऊन राहिलो, सांगू कसं."

अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं.

"कधी?" अण्णांनी विचारलं.

"सकाळी नऊला, मालक."