जड हात

स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे गेलं आणि गाडी पुन्हा किंचाळली.

"धरून ठेवा, काकू! सोडायचं नाही!" ड्रायव्हिंग स्कूलचे सर गाडीच्याही वरच्या पट्टीत ओरडले. "हात जड आहे तुमचा. बावीस वर्षं शिकवतोय, पण एवढा जड हात नाही पाहिला."

काकूंनी धरून ठेवलं. गाडी कण्हत राहिली. रस्त्याकडेचं कुत्रं उठून लांब जाऊन बसलं.

अकरा दिवस हेच चाललं होतं. आज सरांना सांगून टाकायचं, उद्यापासून मी येणार नाही, असं ठरवून आणि यजमानांना तसं सांगूनच काकू घरून निघाल्या होत्या. मुलगा नोकरीसाठी परगावी जाताना ठेवून गेलेली गाडी दारात उभी होती आणि ती बघायला रविवारी गिऱ्हाईक यायचं होतं. यजमानांनीच बोलावलं होतं. "तू आपली शिलाई मशीन चालव," असं ते अगदी प्रेमाने म्हणाले होते, म्हणून तर ते जास्त लागलं होतं.

वाक्य ओठांवर आलंही. पण पस्तीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईचे कान गप्प बसेनात. मशीन दोऱ्यामुळे कुरकुरतंय की तेलावाचून, हे त्या स्वयंपाकघरातून ओळखायच्या. तोंडातून भलतंच वाक्य निघालं.

"सर, यात तेल आहे का?"

"पेट्रोल? सकाळीच भरलंय."

"पेट्रोल नाही हो. स्टीअरिंगला काही तेलबिल असतं का? हे कोरडं ओरडतंय."

सर हसले. पण पुढच्याच वळणावर गाडीने असा काही गळा काढला, की समोरून येणारा सायकलवाला आपणहून उतरून बाजूला झाला. सरांनी मुकाट्याने कोपऱ्यावरच्या गॅरेजकडे बोट दाखवलं.

मेकॅनिक स्टुलावर बसून संत्रं सोलत होता. "वळवा," तो बसूनच म्हणाला. काकूंनी उजवीकडे वळवलं, मग डावीकडे. त्याने उरलेली फोड तोंडात टाकली, बॉनेट उघडलं आणि स्टीअरिंगच्या तेलाच्या छोट्या डब्याचं झाकण काढून काकूंना जवळ बोलावलं. डब्यात तळाला जेमतेम तेल होतं आणि तेही साबणाच्या पाण्यासारखं फेसाळलेलं.

"तेल कमी पडलं की स्टीअरिंगचा पंप हवा ओढतो, आणि हवा ओढली की बोंबलतो," तो म्हणाला. मग त्याने हात आत घालून एक ओली नळी दाखवली. "इथला क्लॅम्प ढिला झालाय, गळतंय." तो सरांकडे वळला. "आणि मास्तर, पूर्ण वळवून धरून ठेवायला कोण शिकवतं सगळ्यांना?"

सरांना एकाएकी गॅरेजचं छत बघावंसं वाटलं.

"टोकाला नेलं की लगेच जरा सैल सोडायचं. धरून ठेवलं की पंपाचा जीव जातो."

"म्हणजे माझ्या हातामुळे नाही?" काकूंनी विचारलं. अकरा दिवसांचं ओझं त्या एका प्रश्नात होतं.

"हाताचं कळेलच आता," मेकॅनिक म्हणाला.

त्याने नवा क्लॅम्प आवळला, तेल बदलून डबा भरला आणि जॅक लावून पुढची चाकं उचलली. "आता आतली हवा काढायची. इंजिन बंदच राहू दे. कुणीतरी आत बसून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. सावकाश. हिसका दिला की पुन्हा फेस."

कुणीतरी म्हणजे अर्थातच आपण, असं धरून सर आत बसले. तिसऱ्या फेरीलाच डब्यात फेस वर आला.

"मास्तर, उतरा. हात जड आहे तुमचा," मेकॅनिक डब्यावरची नजर न काढता म्हणाला. "काकू, तुम्ही बसा."

काकू बसल्या. गोल गळ्याची शिवण घालताना कापड सुईखाली वळवावं, तसं त्यांनी स्टीअरिंग वळवलं, ना ओढलं ना ढकललं. एका टोकाला नेलं, जरा सैल सोडलं, दुसऱ्या टोकाला नेलं. डब्यात बुडबुडे एकेक करून वर येत होते आणि फुटत होते. वीस फेऱ्या झाल्या. एकविसाव्या फेरीला एकही बुडबुडा आला नाही.

चाकं जमिनीला टेकली. काकूंनी गाडी सुरू केली आणि फाटकातून बाहेर काढताना स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे नेलं. काही आवाज नाही. गाडी बंद पडली की काय, असंच क्षणभर त्यांना वाटलं. मग मात्र त्यांना इतका आनंद झाला, की त्या एकट्याच मोठ्याने हसल्या.

"पूर्ण वळवा आणि धरून..." सरांनी सवयीने सुरुवात केली आणि वाक्य गिळलं.

एवढ्यात पर्समधला फोन वाजला.

"मी गाडी चालवतेय," काकू म्हणाल्या. "तुम्हीच घ्या."

सरांनी फोन कानाला लावला, ऐकलं आणि गोंधळून काकूंकडे पाहिलं. "तुमचे यजमान आहेत. विचारतायत, 'सरांना सांगितलंस का?' मला काय सांगायचं होतं?"

काकूंनी आरसा पाहिला, सिग्नल दिला आणि गाडी अलगद डावीकडे घेतली.

"त्यांना म्हणावं, रविवारच्या गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळवा."

आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच, सरांनी गाडीत बसून अगदी हळू आवाजात निरोप सांगितला.