उजवीकडची खिडकी

"चाचा, ससा मारायला यातलं कुठलं रिव्हॉल्व्हर घेऊ?" असं विचारून दाखवायची मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शारजाच्या शूटिंग क्लबात समिधानं बेधडक विचारलं.

शिकवणारे खानचाचा खो-खो हसले. "ससा कुठला इथे, बेटी? रिकामे डबे आहेत. हाताला कुठलं बसतं ते बघ."

समिधानं डावा हात पुढे केला आणि झटकन आवरला. शेजारी आई उभी होती. डाव्या हातानं कुणाला पाणी दिलं तरी ती डोळे वटारायची; लिहायलाही तिनं उजवाच हात लावला होता.

चाचांनी ते पाहिलं आणि एक जुन्या घडणीचं रिव्हॉल्व्हर तिच्या त्याच हातात दिलं. "गोळ्या भरायची खिडकी उजवीकडे आहे बघ. डाव्यात धरायचं, उजव्यानं भरायचं. आम्हा उजव्यांना दर वेळी हात बदलावा लागतो. तुला नाही!"

तिनं गोळ्या भरल्या, अंगठ्यानं मागचा घोडा ओढला, नेम धरून चाप दाबला. टण्णकन डबा उडाला. मैत्रिणी किंचाळल्या, मागे उभ्या बाबांनी तर शिट्टीच मारली.

ती वळली. "आई, बाबा, दहावीचे पेपर मी याच हातानं लिहिणार. खलास!"