चौथं चाक

जपानात नोकरीला लागल्यापासून आदेश दर पोळ्याला स्वतः यायच्याऐवजी तिकडच्या जुन्या मोटारीच्या मॉडेलचा एक खोका पाठवायचा. सुटे भाग जोडता जोडता वडिलांचं, बबनरावांचं, कपाट भरलं. पोरगा काही दिसला नाही. यंदाचा खोका पोळ्याआधीच आला. त्यांनी त्यातल्या डॅटसन मोटारीचं चौथं चाक देव्हाऱ्यामागे लपवलं आणि फोनवर ठोकून दिलं, "खोक्यात एक चाकच नाई निंघालं. पोळ्याले येतानं घेऊन येजो."

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नव्हता. नालवाडीत रिक्षा वाजली की हे फाटकाशी. बायको, विमलाबाई, वैतागायची, "बसा नं जी! आला की आवाज देईनच तो."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आवाज आला, तो पोस्टमनचा. हातात लहानसं पाकीट.

***

डॅटसनला आता पाच चाकं झाली.