एक्केचाळीस नंबर

"एकोणीस टक्के," सर म्हणाले आणि कागद उजेडाकडे धरून त्यांनी पुन्हा वाचला. "बाकीच्यांचे दीड, दोन, फार तर तीन. हा एक्केचाळीस नंबर म्हणजे सोनं आहे, ताई."

प्रयोगशाळेत तिला सगळेच ताई म्हणत, वीस वर्षांनी मोठे असलेले सरसुद्धा. तिळापासून सुरू होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरचे तुकडे ऑपरेशननंतर तिच्याकडे येत. औषधाला दाद न देणाऱ्या, एक उरली तरी गाठ नव्याने उभी करणाऱ्या मूळपेशी त्यात किती, हे ती मोजायची. जात हरळीची. वरून कितीही खुरपा, मुळी जमिनीत राहतेच.

नमुना कुणाचा हे मोजणाऱ्याला कळू नये, म्हणून बाटलीवर फक्त नंबर असायचा. पण हा नमुना आला त्या दिवशी नंबर घालणारी रजेवर होती आणि एक्केचाळीस हा आकडा ताईनेच लिहिला होता. धाकट्या भावाच्या बाटलीवर. तुकडा द्यायला तिनेच त्याला भरीला घातलं होतं, नाहीतरी फेकूनच देणार, दे की, असं म्हणून. निकाल रुग्णाला कळवला जाणार नाही, ही फॉर्मवरची ओळही तिनेच वाचून दाखवली होती.

"सर, याच्या डॉक्टरांना कळवायचं का?"

"काय म्हणून? अजून सिद्ध कुठे झालंय काही?"

"सिद्ध कसं होणार?"

"वर्षभरात याचा आजार उलटला की." सरांनी कागदावरच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. वर 'आजार परतला का?' एवढंच लिहिलेलं, खाली सगळं कोरं. "आपण फक्त वाट बघायची."

सर वाईट नव्हते. म्हणूनच तिला जास्त चीड आली.

तेवढ्यात दार ढकलून धाकटा आत आला. वरच्या मजल्यावर डॉक्टरांना दाखवलं की तो तिला भेटूनच घरी जायचा. आज स्वारी खुशीत होती.

"ताई, सुटलो. जखम भरली, कुठे काही नाही. आता एकदम वर्षाने या म्हणाले." मग तो सरांकडे वळला. "सर, माझ्या तुकड्याचा काही उपयोग झाला, की पाठीला नुसतंच भोक?"

सर मनापासून हसले. "सगळ्यांचाच होतो हो. एखादा तर सोनं निघतो."

"आमच्या घरात आजवर कुणी निघालं नाही," धाकटा म्हणाला. "ताई, माझा निघाला का?"

ताईने एक हातमोजा काढला. मग दुसरा. फॉर्मवरची ती ओळ तिला तोंडपाठ होती.

"वर्षाने नको येऊस," ती म्हणाली. "तीन महिन्यांनी ये. दर तीन महिन्यांनी. डॉक्टर नको म्हणाले तरी अडून बस."

सरांचं हसू विरलं. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग हातातल्या कागदाकडे.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "एक्केचाळीस आता यादीतून बाद."

धाकट्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"एक्केचाळीस कोण?"