सहाची घंटा

“विठाबाई, तुमचं घड्याळ वीस मिनिटं पुढं हाय,” सुपरवायझर भीमाशंकर सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. “जुनं झालंय ते. टाकून द्या.”

विठाबाईने हातातला टॉवेल खाली ठेवला. “सकाळी आठला बरोबर असतंय की! मग जेवणाच्या सुट्टीनंतरच कसं पुढं पळतंय?”

घड्या घालणाऱ्या बायकांचे हात थांबले. पलीकडे माग खडखडत राहिले.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात मोबाइल आत नेता येत नसे. फाटकापाशी जमा करायचा आणि सुटल्यावर रांग लावून परत घ्यायचा. मनगटाला घड्याळ तर आता कुणीच बांधत नव्हतं. मोबाइल असताना कशाला हवं? त्यामुळे एकदा आत शिरलं की वेळ सांगणारं एकच उरायचं, भिंतीवरचं घड्याळ. त्यात सहा वाजले की भीमाशंकर घंटेचं बटण दाबायचा. मोबाइल हातात येईपर्यंत साडेसहा झालेले असत. बायका म्हणत, रांगेतच वेळ जातोय.

विठाबाईच्या मनगटावर तेवढं घड्याळ होतं. तिच्या नवऱ्याचं, जालिंदरचं. रोज चावी द्यावी लागणारं, मोठ्या तबकडीचं. तो गेल्यापासून बारा वर्षं ती ते बांधत होती, पट्ट्याला जादा भोकं पाडून. भिंतीवरच्या घड्याळाशी पडणारा फरक ध्यानात आला तेव्हा तिला आधी आपल्याच घड्याळाची शंका आली. तिने ते घड्याळजी सिद्धेश्वरच्या दुकानात नेलं. त्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकत होती आणि घड्याळाची हत्यारं एका खणात पडून होती. त्याने चार दिवस ठेवून घेतलं. “मावशी, ह्यात काय खोट न्हाय,” परत देताना तो म्हणाला. “चोख चालतंय.”

तरीही ती गप्प बसली असती. पण तिच्या शेजारी राजश्री काम करायची. तिची मुलगी आठ महिन्यांची, अंगावर पिणारी. गावाकडे जाणारी एसटी सव्वासहाला यायची, पुढची पावणेआठला. रोज सहाची घंटा झाली की राजश्री पळत सुटायची आणि रोज एसटी गेलेली असायची. तिच्याकडे मोबाइल नव्हता. घरात एकच होता, तो नवऱ्याकडे, दीपककडे असायचा. आपणच चालायला कमी पडतो, असं तिला वाटायचं. त्या दिवशी दुपारी पोरीच्या आठवणीने तिचं पोलकं ओलं झालं, आणि ती टॉवेलांच्या ढिगाआड तोंड लपवून रडली. तेव्हा विठाबाईने भीमाशंकरला घंटेच्या वेळेबद्दल विचारलं होतं.

संध्याकाळी मालकांनी तिला ऑफिसात बोलावलं. पंखा लावला, बसायला सांगितलं.

“गुडघे फार दुखतात म्हणे तुमचे?” त्यांनी विचारलं. “दिवसभर उभं राहायचं हे काही वय आहे का? उद्यापासून तुम्हाला खुर्ची देतो. टॉवेल मोजायचे आणि वेळ झाली की घंटा वाजवायची. बायकांचा तुमच्यावर विश्वास आहे.”

विठाबाईने विचारलं, “घंटा कुठल्या घड्याळावर वाजवायची, मालक?”

“भिंतीवरच्या. कारखान्यात दुसरं कुठलं घड्याळ आहे?” ते हसले. मग शांतपणे म्हणाले, “नाही पटलं तर तसं सांगा. फाटकाबाहेर पुष्कळ बायका कामाला उभ्या आहेत.”

घरी सासू होती, सोनाबाई, तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. भाकरी विठाबाईच्या हातून मिळाली तरच ती खायची. विठाबाई रात्री तिच्या पायथ्याशी बसून राहिली. मालकांना काय सांगायचं ते तिने चार वेळा मनात जुळवलं. सकाळी कारखान्यात गेल्यावर मात्र ती खुर्चीत जाऊन बसली.

बायकांना आनंद झाला. “आता बरं झालं,” राजश्री म्हणाली. “आता घंटा आपल्या माणसाच्या हातात हाय.”

दुपारच्या सुट्टीत विठाबाई मोरीकडे गेली. नळ सोडला. जालिंदरच्या घड्याळाची चावी बाहेर ओढली आणि काटे वीस मिनिटं मागे फिरवले. मग तोंडावर पाणी मारलं आणि ओल्या तोंडानेच खुर्चीत येऊन बसली.

भिंतीवर सहा वाजले. तिने बटण दाबलं.

राजश्री पिशवी उचलून धावत आली. जाता जाता तिने विठाबाईचं मनगट धरलं आणि तबकडीत डोकावली. “बघा गं, मावशीच्या घड्याळातबी सहाच!” ती ओरडली. “आज घावती मला एसटी.” बाकीच्या बायकांनीही वाकून पाहिलं. कुणाची काही तक्रार उरली नाही.

सगळ्या गेल्यावर विठाबाई उठली. दिवसभर बसल्यामुळे गुडघे अजिबात दुखत नव्हते.

रस्त्यावर एसटीच्या थांब्यापाशी राजश्री एकटीच उभी होती. धावून तिला धाप लागली होती. पदर छातीशी घट्ट धरला होता, तरी ओल बाहेर आली होती. विठाबाईला पाहून ती दोन पावलं पुढे आली.

“मावशी, मी तर घंटा झाल्याबरुबर निघाले की वो! एसटीच आज लवकर गेली का?”

विठाबाईने पदर मनगटावर ओढून घेतला.

“व्हय गं,” ती म्हणाली. “आज लवकरच गेली.”