स्वच्छ काम

लंबूनं कुऱ्हाड दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवली आणि घंटी वाजवली. कुऱ्हाड हातात घेऊन उभं राहिलं तर कुणी दार उघडत नाही, एवढं अग्निशामक दलात राहून त्याला कळलं होतं.

दार खुद्द डॉक्टरनंच उघडलं. लंबूनं वाटेत घोकलेलं वाक्य म्हणून टाकलं, की अग्निशामक केंद्रातून आलोय, आग विझवायच्या सोयी तपासायच्या आहेत. डॉक्टरनं त्याच्या गणवेशाकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘या, आत या,’ म्हणाला आणि पाठ फिरवून चालू लागला. वाद घालायच्या तयारीनं आलेला लंबू जरा हिरमुसलाच.

या डॉक्टरबद्दल गल्लीत काय काय बोललं जायचं. म्हणे, तो माणसांच्या डोक्यातून माणसं काढतो. कुणी गेलं आणि दुःख सोसवेना, तर दुःखाला हात न लावता तो गेलेला अख्खा माणूसच मुळासकट उपटतो. लंबूनं हे सगळं हसण्यावारी नेलं होतं. पण मग कोपऱ्यावरच्या शिंप्याचं पाहिलं. त्याचा भाऊ वारला होता. जन्मभर दोघांनी शेजारी शेजारी बसून कपडे शिवले, आणि आता हा शिंपी खुशीत शीळ घालत गिऱ्हाइकांना विचारायचा, ‘हे दुसरं मशीन माझ्या दुकानात कुणी आणून ठेवलं हो?’

आणि परवा लंबूला कळलं, की आपली बायको दर गुरुवारी याच घरी येते.

तेव्हा एकेक गोष्ट जुळत गेली. घरात दोघंही कोरा चहा पिणारी, तरी ती रोज दूध घ्यायची, तापवायची आणि संध्याकाळी ओतून द्यायची. स्वयंपाकघराच्या चौकटीवर कुणीतरी पेन्सिलीनं एकावर एक रेघोट्या मारून ठेवल्या होत्या. आधीच्या भाडेकरूंचा उद्योग असणार. लंबू रंगाचा डबा घेऊन आला, तर ती चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि काही केल्या हलेना.

हेही एक वेळ चाललं असतं. पण ती त्याला ‘बाबा’ म्हणायला लागली होती. ‘बाबा, जेवायला चला.’ ‘बाबा, दिवा मालवा.’ तिचे वडील जाऊन कैक वर्षं झाली होती, शिवाय ते बुटके आणि टकले. त्यांच्यात आणि लंबूत घोटाळा व्हावा असं काहीच नव्हतं. केंद्रातल्या सोबत्यांना त्यानं हे सांगितलं, तर एकजात सगळे बुटांकडे बघत राहिले. ‘सांभाळून घे रे तिला,’ एवढंच एकजण म्हणाला.

आज बाबा म्हणते, उद्या ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारेल. पेटलेल्या घरात शिरताना तो कधी घाबरला नव्हता. आता स्वतःच्या घरात शिरताना घाबरायचा.

डॉक्टरची खोली अगदीच साधी निघाली. मधोमध न्हाव्याकडे असते तशी खुर्ची आणि तिच्यावर केस वाळवायच्या यंत्रासारखं एक टोपडं. दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून लंबू तिच्यातच बसला. एरवी कुठल्याही खुर्चीची उशी त्याच्या खांद्यांच्या मध्येच टोचायची. इथे मात्र मान कशी छान टेकली. त्याला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला. डॉक्टरनं कोरा चहा आणून दिला. साखरही नव्हती त्यात, त्याला लागतो तसा.

‘हे टोपडं घालून तुम्ही माणसं पुसता?’ लंबूनं सरळच विचारलं.

डॉक्टर खूश झाला. कौतुकानं सांगत सुटला. शहरात रडणं केवढं आहे, एकेक डोकं घेत बसलं तर आयुष्य पुरायचं नाही. म्हणून त्यानं खालचं सभागृह घेतलं होतं. तिथे अशा खुर्च्यांच्या रांगा लागणार होत्या.

‘आणि एखाद्याला नको असलं तर?’

‘नको होतं हे त्याला नंतर आठवत नाही,’ डॉक्टर म्हणाला.

लंबू ताडकन उठला. ‘ते सभागृह मी फोडणार. कुऱ्हाड बाहेर ठेवलीय. पण त्याआधी माझ्या बायकोच्या डोक्यातून जे काढलंत, ते परत घाला.’

डॉक्टरनं पहिल्यांदाच त्याच्याकडे निरखून पाहिलं. बाईंच्या डोक्याला आपण बोटही लावलेलं नाही, त्या लावू देत नाहीत, असं तो शांतपणे म्हणाला.

‘मग दर गुरुवारी येते कशाला?’

‘भांडायला. परत द्या म्हणतात.’

‘काय परत द्या?’

डॉक्टरनं उलट त्यालाच विचारलं, ‘तुम्हाला घरी त्रास नेमका कशाचा होतो?’

‘मला बाबा म्हणते.’ हे सांगताना लंबूचा आवाज उतरला. ‘स्वतःच्या नवऱ्याला.’

‘त्यात काय? मूल बोलायला लागलं, की त्याच्या तोंडची हाक आईच्याही तोंडी बसते. घरोघरी असंच. मग काही झालं तरी ती सुटत नाही.’

‘घरोघरी असेल,’ लंबू म्हणाला. ‘आम्हाला मूलच नाही.’

पत्ता सांगावा तसं सहज म्हणाला. आवाज कापला नाही की हातातली कपबशी हलली नाही. डॉक्टर अगदी जवळ आला, वाकून त्याच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

‘माझं आजवरचं सगळ्यात स्वच्छ काम,’ तो म्हणाला.