लागलं का?

"लागलं की सांग," डॉक्टर म्हणाले आणि नायलॉनचा बारीक धागा त्यांनी मुलीच्या डाव्या हाताला टेकवला.

"नाही लागलं." तिचे डोळे मिटलेले होते आणि कपाळाला आठी होती.

त्यांनी जाड धागा घेतला. वाकेपर्यंत दाबला. पुन्हा नाही.

त्या हातावरची कातडी तिचीच होती. तिच्याच पेशी घेऊन, त्यांतला जन्मजात दोष दुरुस्त करून प्रयोगशाळेत वाढवलेली. बाकीच्या अंगाला कपड्याची शिवण घासली तरी फोड यायचा. या हाताला गेल्या हिवाळ्यापासून एकही आला नव्हता. उजव्या हाताचं ऑपरेशन करायचं की नाही, ते आज ठरणार होतं.

डॉक्टरांनी धागे डबीत ठेवले. "संवेदना नाही. उद्या हा हात भाजला तरी हिला कळणार नाही. उजव्या हाताचं ऑपरेशन मी करणार नाही."

आईचा पारा चढला. मायलेकींचं सख्य विळ्याभोपळ्याचं. येतानाही दोघी गाडीत एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या.

"नीट लक्ष दे म्हटलं तर ऐकेल तर शपथ! तळहाताच्या फोडासारखं जपलं हिला, आणि..."

"फोडच होते ते. जपलेस कुठे? सुईने फोडलेस."

खोटं नव्हतं. फोड पसरू नये म्हणून आई रोज सकाळी तो सुईने टोचायची, चिकटलेली पट्टी भिजवून भिजवून सोडवायची आणि विचारायची, "लागलं का गं?" त्या घरात या शब्दाला एकच अर्थ होता. लेक किंचाळायची. पुढे शिव्या देऊ लागली. आईचा हात म्हणजे आग, एवढंच तिला ठाऊक होतं.

आई तरातरा पुढे आली. "ऊठ. चल घरी."

"मला हात लावू नकोस!"

"लावणार! मेलेल्या कातडीला काय होतंय?" आईने तिचं डावं मनगट करकचून धरलं. असं तिने लेकीला जन्मात कधी धरलं नव्हतं.

डॉक्टर खुर्चीतून उठले. आई स्वतःच भेदरली. सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "लागलं का गं?"

"नाही! मघापासून तेच तर सांगतेय, दुखत नाहीये म्हणून!"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि धाग्यांची डबी पुन्हा उघडली. आई मनगट सोडायला गेली.

"थांब," लेक म्हणाली. आवाजात घुस्सा तसाच होता. "तुझी बोटं इतकी खरखरीत आहेत, आई?"